वाळूखालचं बाकोलोर

फिलिपिन्सहून परत येऊन आम्हाला पाच महिने झाले, तरी उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये भाजी घेताना कुणी ना कुणी अडवतंच. "काय ताई, फॉरेन रिटर्न! क्या-क्या देखा?" मी पिशवी सावरते आणि सांगते, "वाळू." समोरचा हसतो. त्याला वाटतं, बाई समुद्रकिनाऱ्याबद्दल बोलतायत. स्टाफरूममध्ये तर एकीने मला तिथल्या मोत्यांचा भाव विचारला. तेव्हा म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. ज्याला वाचायचं तो वाचेल आणि मला निदान भाजी तरी घेऊ देईल.

मी इथल्या एका मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवते. माझ्याबरोबर होती निर्मला, माझ्या धाकट्या भावाची, मनोहरची बायको. मनोहर मेला आहे की नाही, एवढं विचारायला आम्ही दोघी इतक्या लांब गेलो होतो. वाक्य कानाला कठोर लागेल, पण प्रवासाचं कारण तेवढंच होतं.

उज्जैन

मनोहरला रंगांचं वेड लहानपणापासून. शाळा सुटली की घरी न येता भैरवगढला, कापडावर ठसे मारणाऱ्या छीप्यांच्या अंगणात जाऊन बसायचा. हात निळे-लाल करून आला की आई ओरडायची. पुढे त्याच हातांनी त्याला गिरणीत रंगाई मास्तर केलं. मग गिरणीला कुलूप लागलं. त्या वर्षांत पेपरात रोज यायचं की देशाची दारं उघडली. आमच्या गावात मात्र एकेक फाटक बंद होत होतं. मनोहर दोन वर्षं घरी बसला आणि त्र्याण्णव साली एका सिंधी व्यापाऱ्याच्या कारखान्यात, फिलिपिन्समधल्या पाम्पांगा प्रांतात, निघून गेला. तिथे जीन्सच्या पँटी तयार व्हायच्या.

तिथल्या पिनातुबो नावाच्या डोंगराचा एक्क्याण्णव साली स्फोट झाला होता. पाचशे वर्षं निजलेला डोंगर. ज्या दिवशी फुटला त्याच दिवशी वादळी पाऊसही आला, राख भिजून जड झाली आणि घरांची छपरं माणसांच्या अंगावर बसली. मनोहर गेला तेव्हा ते सगळं होऊन दोन वर्षं झाली होती. त्याने गमतीने लिहिलं होतं, "ताई, इथे ज्वालामुखीचे दगड पँटींबरोबर मशीनमध्ये धुतात, म्हणजे पँट नवी असून जुनी दिसते. लोक त्याचेच जास्त पैसे देतात." तसला एक सच्छिद्र दगड त्याने मला पाठवलाही होता. नववीच्या वर्गात मी तो पाण्यात टाकायचे, तो तरंगायचा आणि मुली टाळ्या वाजवायच्या.

पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात तिथे पुन्हा मोठा पाऊस झाला. डोंगराच्या उतारावर साचून राहिलेली राख चिखल होऊन खाली आली आणि बाकोलोर नावाचं अख्खं गाव तिच्याखाली गेलं. तिकडे त्या चिखलाला लाहार म्हणतात. मनोहर त्याच गावात एका बाईच्या घरी भाड्याने राहत होता. कारखान्याकडून फ्रीगंजच्या एसटीडी बूथवर फॅक्स आला. बूथवाल्याने तो घडी घालून स्वतः सायकलवरून नानाखेड्याला आमच्या घरी आणून दिला आणि पाणीही न घेता गेला. त्यात एकच शब्द कामाचा होता. मिसिंग.

गेला, असं कुणी लिहून देईना. आहे, असं म्हणायची कुणाची हिंमत होईना. आमच्या गुरुजींनी शास्त्र सांगितलं. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग क्रिया करायची. "पण कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल," ते म्हणाले, "तर बारा वर्षं थांबायची गरज नाही. देह नसला तरी पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देता येतो. मात्र कुणीतरी पाहिलेलं हवं."

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निर्मला कुठेच गेली नाही. एका घरून आग्रहाचं बोलावणं आलं म्हणून मीच तिला नेलं. कुंकू लावायला बाई पुढे आली आणि तिचा हात मध्येच थांबला. अर्धा क्षण असेल. मग तिने लावलं आणि उगाचच मोठ्याने हसली. घरी आल्यावर निर्मला म्हणाली, "ताई, मला रोज सकाळी ठरवावं लागतं. टिकली लावू की नको? आरशासमोर उभी राहून मी रोज यांना जिवंत करते, नाहीतर मारते. माझ्याच्याने आता होत नाही. ते कारखान्याचे लोक बुलावून राहिलेत तर आपण जाऊ या ना. जे असेल ते असेल."

कारखानदाराने घरच्यांसाठी दोन तिकिटं पाठवायची तयारी दाखवली होती. निर्मलाला इंग्रजी येत नव्हतं, मला शाळेपुरतं येत होतं. त्यामुळे तिची जीभ म्हणून मी गेले. तिची मुलगी स्मिता बारावीत होती, तिला माझ्या चुलतभावाकडे ठेवलं.

मनिला

विमानाचं काही सांगत नाही. निर्मलाने ते सगळं डोळे मिटून आणि माझं मनगट धरून पार पाडलं.

मनिलात आम्हाला उतरवून घ्यायला कारखान्याचे कमलभाई आले होते. मूळचे इंदूरचे, पन्नाशीचे, बोलायला गोड. तिथली माणसं पाहून मला पहिल्या दिवशी वाटलं, इथे कधी काही वाईट घडलंच नसेल. जो तो हसतो. रस्त्यावर जीपा धावतात त्या आपल्याकडच्या लग्नाच्या घोडीसारख्या सजवलेल्या, झिरमिळ्या लावून. निर्मला म्हणाली, "आपल्याकडे तर माणूस नवी गाडी घेतो तरी तोंड पाडून चालवतो."

जेवणाचे हाल झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका खानावळीत पातेल्यात चक्क मुगाचं वरण दिसलं आणि आम्ही दोघी पोरींसारख्या हरखलो. निर्मलाने पहिला घास घेतला आणि तिच्या दातांखाली काहीतरी कुरकुरलं. कमलभाईंनी मान खाली घालून सांगितलं की ते डुकराचं कातडं असतं, तळलेलं. निर्मलाने बाहेर जाऊन एवढ्या चुळा भरल्या की नळाशी रांग लागली. त्यानंतर आम्ही केळी, भात आणि रताळी यांवर राहिलो. केळ्याच्या पानात शिजवलेला चिकट भाताचा एक गोड प्रकार मिळतो, तो मात्र आपल्या पातोळ्यांच्या जवळचा आहे आणि निर्धास्त खावा.

कमलभाईंनी आम्हाला थांबवून ठेवलं होतं ते एक नोव्हेंबरसाठी. "मनोहरभाईंची घरमालकीण आता बाकोलोरला राहत नाही," ते म्हणाले, "कुठल्या छावणीत गेली कुणाला मालूम नाही. पण एक तारखेला तिकडे येईलच. त्या दिवशी इथे जो तो आपल्या मेलेल्यांना भेटायला जातो. गाव नसलं तरी येतात."

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती मी आतापर्यंत मुद्दामच मागे ठेवली.

पंच्याण्णवच्या ऑगस्टात मनोहरचं मला शाळेच्या पत्त्यावर पत्र आलं होतं. घरी पाठवलं नाही, कारण निर्मला काळजी करील. त्यात होतं की पावसाळ्यात डोंगरावरून चिखल येतो, शेजारची गावं गेली, घरमालकीण आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन मनिलाला बहिणीकडे जायचं म्हणतेय, मलाही वाटतं सोडून यावं. "ताई, भूगोल तुझा. तू सांगशील तसं."

भूगोल माझा. मी दोन पानं भरून उत्तर लिहिलं. जो ज्वालामुखी पाचशे वर्षांनी फुटतो तो एकदा मोकळा झाला की पुन्हा शतकानुशतकं शांत राहतो. थोडा चिखल दर पावसाळ्यात क्षिप्रेलाही येतो. उगाच घाबरून हातची नोकरी सोडू नकोस, इथे गिरण्यांना अजून कुलपं आहेत. 'शतकानुशतकं'च्या खाली मी रेघ मारली. वहीत मुलींसाठी मारते तशी.

आमच्या पुस्तकात ज्वालामुखीचा उभा छेद आहे. शंकू, मुख, नळी, लाव्हाचे थर. अठ्ठावीस वर्षं मी तो फळ्यावर रंगीत खडूंनी काढला, डोळे मिटूनही काढीन. त्या चित्रात पाऊस नाही. मी उज्जैनच्या बाहेर फार तर पचमढीपर्यंत गेलेली बाई, फुटलेला डोंगर कधी पाहिला नव्हता, आणि चार समुद्रांपलीकडच्या माणसाला त्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराबद्दल खात्री देत होते. याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी लिहीत नाही, माझ्या विद्यार्थिनीही हे वाचतील.

हे पत्र मी लिहिलं होतं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. निर्मलालाही नाही.

बाकोलोर

शुक्रवारी सकाळी कमलभाईंनी आम्हाला गाडीने तिथे सोडलं. त्यांना कारखान्यात जायचं होतं, चार वाजता न्यायला येतो म्हणाले.

मी समजत होते की उद्ध्वस्त गाव असेल. पडक्या भिंती, ढिगारे. तसं काहीच नव्हतं. राखाडी वाळूचं सपाट मैदान होतं आणि त्यावर माणसाहून उंच काँसाचं गवत फुललं होतं. आपल्याकडे पावसाळा सरताना नाल्याकाठी फुलतो तोच पांढरा काँस. वारा आला की सगळं मैदान एका बाजूला लवायचं. किती सुंदर, असं माझ्या मनात आलं आणि मग कळलं की आपण गावाच्या डोक्यावर उभ्या आहोत.

खुणा हळूहळू दिसू लागल्या. विजेच्या खांबाचा वरचा तुकडा माझ्या कमरेएवढा जमिनीबाहेर होता, त्याच्या तारा हाताला लागत होत्या. एका घराचं पत्र्याचं छप्पर जमिनीवर ठेवल्यासारखं दिसलं. घर त्याच्याखाली होतं. गावातलं दगडी चर्च मोठं, जुनं. ते निम्मं बुडालं होतं आणि लोक खिडक्यांतून आत जात होते. आत वेदी उचलून वर घेतली होती, म्हणजे डोकं तुळयांना लागेल इतक्या वर. एक म्हातारा खिडकीच्या चौकटीवर बसून बूट झटकत होता. मी नमस्कार केला तसा तो इंग्रजीत म्हणाला, "पूर्वी या खिडकीला हात लावायला मला शिडी लागायची."

आणि माणसं! शेकडो माणसं, मुलंबाळं, डबे, छत्र्या, फुलं, मेणबत्त्या. स्मशान तर खोल गेलेलं. तरी प्रत्येक जण आपली जागा शोधत होता. कुणी चर्चच्या कोपऱ्यापासून पावलं मोजत होता, कुणी वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावरून अंदाज बांधत होता. दोन भाऊ भांडत होते की आजोबा इथे आहेत की तिथे, सहा पावलांचा फरक पडत होता. शेवटी त्यांनी दोन्ही जागी मेणबत्त्या लावल्या आणि मधोमध चटई टाकून डबे उघडले.

आपण पितरांना वाढतो ते लांबून. सर्वपित्रीला सिद्धवटाच्या घाटावर केवढी गर्दी असते, पण कसं, पिंड ठेवायचे, कावळ्याची वाट पाहायची, अंघोळ करायची आणि मागे वळून न बघता घरी यायचं. इथे माणसं मेलेल्यांच्या शेजारी बसून जेवत होती. हसत होती, पत्ते खेळत होती, रेडिओ लावला होता. मला आधी ते खटकलं. निर्मला मात्र म्हणाली, "बरं आहे ना, ताई. दिवसभर सोबत बसतात बिचारे."

आम्ही मनोहरचा फोटो घेऊन माणसामाणसाला विचारत फिरलो. कुणी मान हलवायचं, कुणी पाणी द्यायचं. ऊन चढलं. निर्मलाच्या चपलेचा अंगठा तुटला, तर कुठल्याशा अनोळखी बाईने आपल्या केसांतली पिन काढून तो जोडून दिला. शेवटी एकाने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, "मानी!" आणि काँसातून वाट काढत आम्हाला घेऊन गेला.

चिंचेच्या एका वठलेल्या झाडाच्या वरच्या तीन-चार फांद्या वाळूबाहेर होत्या. त्यांच्याजवळ एक ठेंगणी बाई चटईवर बसली होती. पन्नाशीची, चेहरा उन्हाने भाजलेला. हीच मनोहरची घरमालकीण, नेना. तिच्यासमोर वाळूत दोन मेणबत्त्या जळत होत्या. तिने फोटो पाहिला, मग निर्मलाकडे पाहिलं आणि उठून तिला मिठीच मारली. आपल्याकडे अशी ओळख न विचारता मिठी मारत नाहीत. निर्मला आधी ताठ उभी राहिली, मग तिचे खांदे पडले.

एक मेणबत्ती नेनाच्या आईची होती, एक मनोहरची. दोन्ही एकाच घराच्या जागी. चिंच अंगणातली होती, म्हणून तिला मोजावं लागलं नाही.

तिने आधी जेवायला बसवलं. बोलू दिलंच नाही. डबा उघडला, त्यात भात होता आणि मुगाचं वरण. मी निर्मलाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. नेनाने ओळखलं असावं. हात हलवत म्हणाली, "नो मीट, नो फिश. मानी टीच मी." निर्मलाने भीत भीत बोटाने चाखलं. मग सरळ वाटी तोंडाला लावली. जिऱ्याची, लसणाची फोडणी होती, मिरची चिरून नाही तर अख्खी भाजून घातली होती. आमच्या घरी मिरची भाजून घालणारा एकटा मनोहर.

"यांचं आहे हे," निर्मला म्हणाली, "ताई, हे यांच्या हातचं आहे," आणि वर्षभरात पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. आजूबाजूच्या लोकांनी रेडिओ बंद केला.

मग नेनाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मी एकेक वाक्य निर्मलाला मराठीत सांगत गेले. त्या दिवशी रविवार होता. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. आधी घोट्याएवढा चिखल आला, मग बघता बघता गुडघ्यापर्यंत. वाहता, गरम, त्यात झाडं आणि दगड. मनोहरने नेनाला आणि तिच्या मुलीला शेजारच्या दुमजली घराच्या छपरावर चढवलं. म्हातारीला चालता येत नव्हतं, ती आत पलंगावर होती. तिला पाठीवर घेऊन येतो म्हणून तो परत आत गेला. मग पावसाचा असा पडदा आला की हातभर लांबचं दिसेना. नेना छपरावरून हाका मारत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांना हेलिकॉप्टरने उतरवलं, तेव्हा तिच्या घराचं छप्परही दिसत नव्हतं.

आता तो प्रश्न विचारायचा होता ज्यासाठी आलो होतो. मी डोळ्याला बोट लावून हळू इंग्रजीत विचारलं, तुम्ही पाहिलं का? तो चिखलाखाली जाताना, तुमच्या डोळ्यांनी?

"नो," नेना म्हणाली. तिने कानाला हात लावला. फक्त ऐकलं. तो आईला काहीतरी सांगत होता, हसवत होता, मग आवाज थांबला.

निर्मला माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या कपाळावर टिकली होती, घामाने एका बाजूला सरकलेली. मला गुरुजी आठवले, बारा वर्षं आठवली, तो मध्येच थांबलेला कुंकवाचा हात आठवला. मी म्हणाले, "तिने पाहिलं, निर्मला. डोळ्यांनी पाहिलं."

"बरं," निर्मला म्हणाली.

मला वाटलं संपलं. पण नेना बोलतच होती. मानी खूप चांगला होता, म्हणाली. आम्ही तर सप्टेंबरातच मनिलाला निघालो होतो, आईचं गाठोडं बांधून झालं होतं. मग मानीच्या बहिणीचं पत्र आलं. ती टीचर आहे, डोंगरांचं शिकवते. मानीने ते पत्र आम्हाला इंग्रजी करून वाचून दाखवलं, सगळ्या गल्लीला दाखवलं. डोंगराचं काम संपलं, आता शेकडो वर्षं भीती नाही. आई इतकी खूश झाली. तिला घर सोडायचंच नव्हतं. तिने त्या रात्री प्रार्थनेत त्या टीचरचं नाव घेतलं.

हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त जे झालं ते सांगत होती. मग ती माझ्याकडे नीट पाहू लागली. माझा चष्मा, माझी कॉटनची साडी.

"यू सिस्टर?" ती म्हणाली. "यू टीचर?"

"नो," मी म्हणाले. "अदर सिस्टर."

माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मलाच कळलं नाही. मनोहरला दुसरी बहीण नाही.

नेनाने मान हलवली. मग माझा हात धरून म्हणाली, त्या बहिणीला सांगा, मुलांना पावसाचंही शिकव. डोंगर फुटून संपत नाही. पाऊस त्याला दर वर्षी खाली आणतो.

"काय बोलून राहिलीय ती?" निर्मलाने विचारलं.

"काही नाही. पावसाचं सांगतेय."

मी उठले. काँसाच्या आड जाऊन बराच वेळ उभी राहिले. वाऱ्याने काँसाची म्हातारी उडत होती, ती पदराला, केसांना चिकटत होती. परत आले तेव्हा त्या दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या आणि नेना निर्मलाच्या छोट्या डायरीत काहीतरी लिहीत होती. मी विचारलं नाही. चार वाजता कमलभाई आले. निघण्यापूर्वी निर्मलाने नेनाच्या मेणबत्तीवर आणखी एक पेटवली आणि वाळूत खोचली. तिने नमस्कार केला, मग त्या जागी हाताने वाळू थोपटली. लहान मूल निजवताना थोपटतात, तशी.

पुन्हा उज्जैन

गुरुजींनी फार विचारलं नाही. "पाहिलंय ना कुणीतरी?" म्हणाले. मी हो म्हटलं. सिद्धवटाजवळ, क्षिप्रेच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा केला. पानं बांधून हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ. माझा उंच, सावळा, बडबड्या भाऊ केवढासा झाला होता. चुलतभावाने अग्नी दिला. हिरवी पानं लवकर पेटली नाहीत, धूर फार झाला. स्मिता माझ्या कुशीत तोंड खुपसून उभी होती. निर्मलाने त्या सकाळी टिकली लावली नव्हती. कुणी तिला काढायला सांगितलं नाही, तिनेच ठरवलं.

सुतक संपल्यावर मी शाळेत गेले. नववीला तोच धडा होता. फळ्यावर शंकू काढला, नळी काढली आणि निळा खडू घेऊन वर ढग आणि पाऊस काढला. एका मुलीने हात वर केला, "मॅडम, हे पुस्तकात नाहीये." मी म्हणाले, "नाहीये, पण लिहून घे." परीक्षेत त्याला मार्क मिळणार नाहीत हे मला माहीत होतं.

डिसेंबरातल्या एका दुपारी आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बटले सोलत बसलो होतो. स्मिता शाळेत गेली होती. निर्मला शेंगा फोडता फोडता म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी दोन नो ऐकले."

माझे हात थांबले.

"एक त्या बाईचा. तुम्ही डोळ्याला बोट लावलं, ती नो म्हणाली. एवढी इंग्लिश मला पण येते हो, ताई. तो नो मी सोडून दिला. मला आता थांबायचं नव्हतं. यांना रोज सकाळी मारायचं, त्यापेक्षा एकदाच काय ते. तुम्ही झूठ बोललात ते माझ्यासाठी बोललात, आणि मी मानलं ते माझ्यासाठीच मानलं. त्याचं काही नाही." तिने सोललेले दाणे पातेल्यात टाकले. "पण दुसरा नो तुमचा होता. ती म्हणाली, यू टीचर, आणि तुम्ही नो बोललात. तिने लेटर म्हटलं, सिस्टर म्हटलं, तेव्हा तुमचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. एक महिना झाला, मी वाट बघून राहिले तुम्ही सांगाल म्हणून."

मग मी सांगितलं. मनोहरचं पत्र, माझं पत्र, मी काय काय लिहिलं, रेघ कुठे मारली तेसुद्धा. मला वाटलं होतं मी रडेन, पण आवाज वर्गात धडा वाचावा तसा कोरडा निघाला. निर्मला ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली रस्त्यावरून बसचे हॉर्न येत होते. मी संपवलं तरी ती शेंगा फोडतच राहिली. मला तिने शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. निदान पातेलं तरी आपटावं.

"माझा नवरा गेला, तर त्याचं मी बघून घेईन," ती शेवटी म्हणाली. "तुमच्यावर राग करायचा तर जन्म पडलाय, घरातच आहात. पण तिची आई गेली, ताई. गाठोडं बांधून तयार होती ती. हे तुम्ही मला नाही, तिला सांगायला पाहिजे."

ती उठून खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात डायरीतलं फाडलेलं पान होतं. त्यावर मोठ्या, शाळकरी इंग्रजी अक्षरांत नेनाचं नाव होतं, त्याखाली छावणीचं नाव आणि घराचा नंबर.

"तुम्ही तिकडे गवतात उभ्या होत्या ना, तेव्हाच लिहून घेतलं," निर्मला म्हणाली. "मला मालूम होतं, तुम्हाला लागेल."

ते पान आता माझ्या टेबलावर, काचेखाली आहे. चार महिन्यांत मी तीनदा पत्र लिहायला बसले आणि तिन्ही वेळा पहिल्या वाक्यापुढे गेले नाही. मराठीत हे सगळं आज लिहून झालं. आता नवा कागद घेतला आहे आणि त्यावर लिहिलं आहे, नेना, ती टीचर मीच.